खिशातल्या पिस्तुलानं भीती जात नाही

गेल्या रमजानमध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा मेसेज आला. तीन छोट्या पिस्तुलांचे फोटो आणि खाली एक ओळ : "मामू, तुमच्या टेक्सासमध्ये तर आता परवानाही लागत नाही. यातलं कुठलं घेतलंत?"

मी मूळचा खेड तालुक्यातला. सतरा वर्षांपासून डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, बायको आणि दोन मुलं आहेत. भाच्याला पुढच्या वर्षी एमएस करायला इकडं यायचंय. त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. आपल्या पोरांच्या फोनवर रोज जे येतं ते पाहिलं, तर हा प्रश्न पडणारच. त्याला मी दोन शब्दांत उत्तर दिलं : "कुठलंच नाही." पण हे उत्तर मला सहज सुचलं नव्हतं. मी दुकानात जाऊन, पिस्तूल हातात घेऊन, चालवून मग या उत्तरापर्यंत आलो. म्हणून सगळं इथं लिहितोय.

आधी एक गोष्ट मान्य करतो. भीती खोटी नाही. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला दोन मशिदींत जुम्याच्या वेळी ५१ जण मारले गेले. त्या आठवड्यात आमच्या मशिदीत मुसल्ल्यावर बसलेला प्रत्येक जण मागच्या दाराकडं बघत होता. मीही बघत होतो. नंतरच्या बैठकीत एका जाणत्या माणसानं सांगितलं, "उंट आधी बांधायचा, मग तवक्कल. ज्याला कायद्यानं परवानगी आहे त्यानं खिशात पिस्तूल ठेवावं." पुष्कळांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पुढं कायदाही सोपा झाला. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाला छोटं पिस्तूल जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. मी दुकानात गेलो.

छोटं पिस्तूल निवडणं म्हणजे काय, ते तिथं कळलं. दुकानदारानं आधी रुगर एलसीपी हे मॉडेल दाखवलं. रिकामं असताना वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, नळी जेमतेम सात सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. पँटच्या पुढच्या खिशात घातलं की बाहेरून मोबाइल वाटतो. मग पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्वर दाखवलं. मग थोडं मोठं, दहा गोळ्यांचं, अर्ध्या किलोच्या आसपासचं. किमतीत फार फरक नव्हता. खरा फरक हा, की जे लपवायला सोपं ते चालवायला अवघड, आणि जे चालवायला सोपं ते लपत नाही.

रेंजवर मी सगळ्यात छोटं भाड्यानं घेऊन चालवलं. मुठीत दोनच बोटं बसतात, करंगळी हवेत राहते. पिस्तूल हलकं असल्यामुळं गोळीचा सगळा धक्का मनगटात येतो. नळी आखूड, त्यामुळं नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा इतक्या जवळ की हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडं जाते. ट्रिगर लांब ओढावा लागतो. सात यार्डांवर, म्हणजे आपल्या दिवाणखान्याएवढ्या अंतरावर कागदी माणूस होता. मी शांत होतो, उजेड चांगला होता, कुणी माझ्यावर गोळी झाडत नव्हतं. तरी सहापैकी दोन गोळ्या कागदाच्याही बाहेर गेल्या.

आता मशीद डोळ्यांपुढं आणा. दोनशे माणसं, लहान मुलं, पळापळ, आरडाओरडा. त्या गर्दीत माझ्या सहापैकी त्या दोन गोळ्या कुणाला लागल्या असत्या? शिकवणाऱ्या माणसाला मी हे विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, "दर महिन्याला सराव करणार असाल तर घ्या. नाहीतर हे पिस्तूल तुमच्या समाधानासाठी आहे." त्याचा धंदा पिस्तुलं विकण्याचा आणि शिकवण्याचा, तरी तो खरं बोलला. आपल्या व्हिडिओवाल्यांकडून एवढीही अपेक्षा ठेवता येत नाही.

तरीही मी घेणार होतो. माझं मन बदललं ते एका इफ्तारला.

मशिदीतल्या एका दोस्तानं पिस्तूल घेतलं होतं. काळजी घेणारा माणूस. इफ्तारला त्यानं कोट खुंटीला टांगला. थोड्या वेळानं त्याचा सहा वर्षांचा पोरगा ते हातात धरून आमच्या दस्तरखानापाशी आला आणि म्हणाला, "चाचू, हे बघा." त्याचं बोट कुठं होतं ते मी सांगत नाही. चेंबर रिकामं होतं म्हणून त्या घरात त्या रात्री तरावीह पढली गेली, जनाजा नाही.

दोस्तांनो, इथं या हत्याराची खरी गोची आहे. चेंबरमध्ये गोळी नसेल तर अचानक हल्ला झाल्यावर ते बहुधा वेळेत कामी येत नाही, कारण आधी स्लाइड ओढा, मग नेम धरा. गोळी भरलेली असेल तर ते दिवसाचे चोवीस तास घरातल्या प्रत्येकासाठी तयार असतं. हल्लेखोर कदाचित आयुष्यात एकदाही येणार नाही. पोरं मात्र रोज घरात असतात. माझा मोठा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मागच्या हिवाळ्यात तो कुणाशी बोलत नव्हता, आम्ही डॉक्टरकडं नेलं, आता बरा आहे. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२२ मध्ये ४८ हजारांवर लोक बंदुकीनं गेले, त्यात सुमारे २७ हजारांनी स्वतःचा जीव घेतला. माणसाचा वाईट काळ बऱ्याचदा टळतो. जवळ बंदूक असली तर तो टळायला वेळच मिळत नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरात पिस्तूल नव्हतं, याबद्दल मी आजही शुक्र अदा करतो.

आता दुसरा मुद्दा. पिस्तूल कुणाच्या खिशात आहे, यावर कायद्याची नजर बदलते. फिलांडो कॅस्टील हा ३२ वर्षांचा काळा माणूस मिनेसोटात शाळेच्या कँटीनमध्ये काम करायचा. ६ जुलै २०१६ ला पोलिसानं त्याची गाडी थांबवली. त्याच्याकडं पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. आपल्याकडं पिस्तूल आहे, हे त्यानं अदबीनं आधीच सांगितलं. काही सेकंदांत पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका मॉलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा हातात पिस्तूल असलेल्या २१ वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी हल्लेखोर समजून ठार केलं. तो हल्लेखोर नव्हता, हे पोलिसांनी नंतर मान्य केलं.

मशिदीवर हल्ला झाला आणि पोलीस धावत आत आले, तर त्यांना काय दिसेल? दाढीवाला माणूस, हातात पिस्तूल. तो हल्लेखोर की मुअज्जिन, हे ते दारात उभं राहून विचारणार आहेत का?

भाच्यासाठी आणखी एक गोष्ट, आणि इकडं येणाऱ्या प्रत्येकानं ती लक्षात ठेवावी. विद्यार्थी व्हिसावर किंवा एचवन-बीवर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं पिस्तूल किंवा गोळ्या जवळ ठेवायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्य कितीही मोकळं असलं तरी हा कायदा लागू राहतो. मित्राचं पिस्तूल "जरा ठेवून घे" म्हणून घेतलंत, तरी तुरुंग आणि देशाबाहेर रवानगी, दोन्ही होऊ शकतं. आईबापांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

आणि परवाना म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. १० फेब्रुवारी २०१५ ला नॉर्थ कॅरोलिनात चॅपल हिल इथं एका शेजाऱ्यानं तीन तरुण मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्याच घरात मारलं. त्या मारेकऱ्याकडं लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना होता. ज्या मोकळिकीचा आपण आपल्यासाठी आग्रह धरतो, ती आपला द्वेष करणाऱ्यालाही तेवढीच मिळते. आणि संख्येनं आपण कमी आहोत. या स्पर्धेत आपण जिंकणार नाही.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. उंट बांधायचाच. पण उंट बांधतात सगळ्यांसमोर, खिशात लपवून नाही. आमच्या मशिदीनं शेवटी हे केलं : नमाज सुरू झाली की बाजूचे दरवाजे बाहेरून उघडत नाहीत, आतून ढकलले की उघडतात. जुम्याला गणवेशातला प्रशिक्षित पोलीस पैसे देऊन बोलावतो. दारावर दोन स्वयंसेवक नमाज नंतर पढतात. वर्षातून दोनदा बाहेर पडण्याचा सराव होतो, मुलांसकट. आणि रक्तस्राव थांबवायचं प्रशिक्षण चाळीसेक जणांनी घेतलंय, त्यात निम्म्या बायका आहेत. ज्यानं बैठकीत पिस्तुलाचा आग्रह धरला होता, तोच आज हे सगळं चालवतो.

क्राइस्टचर्चला लिनवुडच्या मशिदीत अब्दुल अझीझ नावाचा माणूस हाताला लागलेलं कार्ड स्वाइपचं मशीन घेऊन हल्लेखोराच्या मागं धावला आणि त्याला पळवून लावलं. हिंमत पिस्तुलासोबत दुकानात मिळत नाही. आणि न्यूझीलंडनं लोकांना आणखी पिस्तुलं घ्यायला सांगितलं नाही. महिन्याच्या आत संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक हत्यारांवर बंदी घातली.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला? आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना सहज मिळत नाही. खरंय. पण त्या परवान्याचं स्वप्न आणि गावठी कट्ट्यासोबतचे रील आपल्या वस्त्यांतही आहेत. एका रीलपायी पोरगा आत जातो, आणि त्याच्यामागं अख्ख्या मोहल्ल्याचं नाव लागतं.

लपवलेल्या पिस्तुलाचा आपल्या मातीतला इतिहासही आठवा. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना ज्या पिस्तुलानं मारलं, ते बेरेटा एम १९३४ होतं. त्याच्या गोळीला अमेरिकेत पॉइंट ३८० म्हणतात. भाच्यानं फोटो पाठवलेल्या छोट्या पिस्तुलात तीच गोळी बसते. ते कपड्यांत लपवून आणणारा पुण्याचा होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, दोघांवरही सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या. अचानक आलेल्या मारेकऱ्यासमोर खिशातलं पिस्तूल बाहेर यायलाही वेळ मिळत नाही. लपवलेलं हत्यार हल्ला करणाऱ्याच्या सोयीचं असतं. आपण त्याची नक्कल करायला निघालो, तर आपल्या हाती काय राहील?

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर ३० जानेवारी १९५६ ला बॉम्ब टाकला गेला. त्यांनीही पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. नंतर त्यांनी घरातलं हत्यारही काढून टाकलं. त्यांनाही भीती वाटत होती. पण हजारो लोकांना सोबत घेऊन उघड्यावर चालणाऱ्या माणसाला खिशात काही लपवून चालता येत नाही, हे त्यांना कळलं.

आणि आपली भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत जळालेलं गाव. १९८८ नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, अफवा तिथल्या तिथं मोडू लागल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. सहा गोळ्यांच्या कुठल्या पिस्तुलानं एवढी माणसं वाचवली असती?

म्हणून भाच्याला मी पुढचं उत्तर असं पाठवलं : "बाळा, इकडं येशील तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांची दारं वाजव, नाव सांग. रक्तस्राव थांबवायच्या वर्गात मी तुझं नाव घालून ठेवलंय. आणि निघेपर्यंत पुण्यात तुझ्या मोहल्ल्याची कमिटी कधी बसते ते विचार. बसत नसेल, तर तू बसव."

त्याचं उत्तर आलं, "मामू, बसत नाही. विचारतो."