पोराचे चेंडू कोण मोजतं?

३ डिसेंबर २०२५ ला रायपूरमध्ये महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८३ चेंडूंत १०५ धावा केल्या. विराट कोहलीबरोबर १९५ धावांची भागीदारी केली. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं हे पहिलं शतक. तो सामना आपण हरलो, पण शतकाला त्याने उणेपणा येत नाही. पुढच्याच, म्हणजे न्यूझीलंडविरुद्धच्या जानेवारीतल्या एकदिवसीय मालिकेचा संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात ऋतुराजचं नाव नव्हतं. शुभमन गिल आणि श्रेयस अय्यर दुखापतीतून परतत होते, जागा त्यांच्या होत्या, हे कारण मला समजतं. तरीही हा निर्णय मला चुकीचा वाटतो. शतक ठोकलेल्या फलंदाजाला निदान राखीव म्हणून तरी संघात ठेवायला हवं होतं.

मी महाराष्ट्राच्या संघाचा जुना चाहता. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ ची गोष्ट वडिलांकडून ऐकत मोठा झालो. १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांनी राहून गेला. प्रा. दि. ब. देवधरांच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकले. त्यानंतर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत जातो आणि हरतो. १९९२-९३ ला पंजाबकडून हरलो, २०१३-१४ ला कर्नाटककडून. अशा संघाच्या चाहत्याला आपल्या माणसांवरचा अन्याय लवकर टोचतो, हे खरं आहे.

पण ऋतुराजच्या बाबतीत निवड समितीपेक्षा दुखापतींनीच जास्त नुकसान केलंय. २०१६ मध्ये झारखंडविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात वरुण अ‍ॅरनचा चेंडू बोटावर बसला. २०२२ मध्ये मनगट, जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा मनगट. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कसोटी मालिकेच्या संघात होता, तेव्हा उजव्या हाताचं बोट दुखावलं आणि परत यावं लागलं. मार्च २०२५ च्या शेवटी आयपीएलमध्ये गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू कोपरावर आदळला, हाडाला चीर गेली आणि चेन्नईचं कर्णधारपद पुन्हा धोनीकडे गेलं. त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आला. पहिल्या सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि दोन आठवड्यांत बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. त्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात प्रतिका रावलचा घोटा मुरगळला, शेफाली वर्मा संघात आली आणि नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात ८७ धावा करून सामनावीर ठरली. एकीची जागा दुसरीला मिळते आणि खेळ पुढे चालू राहतो.

मात्र यातल्या बहुतेक दुखापती अपघाताच्या. चेंडू लागला, पाय वळला. त्या टाळता येत नाहीत. मला लिहायचंय ते दुसऱ्या जातीच्या दुखापतींबद्दल. त्या हळूहळू, रोज थोड्या थोड्या तयार होतात, मुख्यतः वेगवान गोलंदाजांना होतात, आणि त्यांची सुरुवात पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना, आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, लासलगाव, पिंपळगावच्या मैदानांवरच होते.

मुकेश चौधरी आठवा. महाराष्ट्राचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०२२ च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून १३ सामन्यांत १६ बळी. नवा चेंडू आत आणायचा तेव्हा मोठमोठे फलंदाज चाचपडायचे. पुढच्या वर्षी स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे सगळा हंगाम बाहेर. त्यानंतर तो परतला, पण २०२२ चा मुकेश पुन्हा सलग दिसलेला नाही. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान तर आपल्या भागाचा अभिमान. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, आणि साडेतीनच महिन्यांनी लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू धरला. त्या दौऱ्यात आपण चारही कसोट्या हरलो. ३११ कसोटी बळींच्या मागे झहीरने शरीराशी केलेलं केवढं भांडण आहे, ते आकड्यात दिसत नाही. २००६ मध्ये वूस्टरशायरला जाऊन, धाव आखूड करून, ७८ बळी घेऊन तो परतला. स्वतःची गोलंदाजी नव्याने बांधणारे असे फार थोडे असतात.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे काय, ते पालकांसाठी सांगतो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला कललेली आणि वळत असते. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायातून वर कंबरेत जातो. मणक्याच्या मागच्या भागात हाडाची एक बारीक कमान असते, तिच्यावर हा भार पुन्हा पुन्हा पडतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा कंबरेच्या डाव्या बाजूला सुरू होतं. हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. विश्रांतीच मिळाली नाही, तर आधी सूज येते, मग चीर पडते. कंबरेचं हाड पुरतं पक्कं व्हायला विशी उलटावी लागते. म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला याचा धोका मोठा. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पाठीच्या याच दुखण्याने गाठलं. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि मैदानात परतायला ऑगस्ट उजाडला. त्याच्या मागे जगातले उत्तम डॉक्टर उभे होते.

आता आमच्या तालुक्यातल्या पोराचा आठवडा बघा. सकाळी शाळेच्या मैदानावर सराव. आठवड्यातून दोन-तीन दिवस एसटीने चाळीसेक किलोमीटर नाशिक, तिथे अकादमीत लेदर बॉलने नेटमध्ये गोलंदाजी. तिथे फलंदाज आळीपाळीने बदलतात, हा मात्र तासभर टाकतच असतो, कारण वेगात टाकणारी पोरं कमी. गावात हिवाळ्यापासून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा चषक, कुणाच्या स्मरणार्थ चषक, रात्रीच्या उजेडातले सामने. संघ जिंकत गेला तर रविवारी एकाच दिवसात तीन-तीन सामने, आणि प्रत्येकात पहिली आणि शेवटची ओव्हर याचीच. टेनिस बॉल हलका म्हणून त्रास नाही, असं लोक म्हणतात. माझं मत उलट आहे. हलक्या चेंडूला वेग द्यायला पोरगं खांदा आणि कंबर जास्त झोकून देतं. शाळेच्या सरांना अकादमीतले चेंडू माहीत नाहीत, अकादमीच्या कोचना गावच्या स्पर्धेतले माहीत नाहीत, आणि गावच्या कप्तानाला फक्त चषक दिसतो. सगळ्याची बेरीज कुणाकडेच नसते.

असा एक पोरगा माझ्या चांगल्या ओळखीचा. उंच, मोकळा खांदा, चेंडू टप्प्यावरून असा उसळायचा की यष्टिरक्षक दहा पावलं मागे उभा राहायचा. दोन वर्षं मी सगळ्यांना त्याचं नाव सांगत होतो. कंबर दुखते म्हणाला तेव्हा आधी मालिश झाली, मग दुखणं थांबवणारी इंजेक्शनं घेऊन तो एक स्पर्धा खेळला. एमआरआय झाला तोवर चीर दोन्ही बाजूंना गेली होती. आज तो द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करतो आणि गावच्या संघात फलंदाज म्हणून खेळतो. त्याला कुणी मुद्दाम बिघडवलं नाही. सगळ्यांचं त्याच्यावर प्रेमच होतं. म्हणूनच मला ते जास्त लागतं.

आणि हे द्राक्षाच्या तालुक्यात घडतं! नव्या बागेला पहिल्या पिकाच्या वेळी वेलीवर किती घड राखायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लोभाने जास्त घड ठेवले तर त्या वर्षी माल निघतो, पण वेल खचते आणि पुढची कित्येक वर्षं साथ देत नाही. वेलीचे घड मोजणाऱ्या गावाला आपल्या पोराचे चेंडू मोजणं जड जाऊ नये.

अमेरिकेत ते मोजतात. माझ्या भाच्याचा मुलगा तिकडे लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. भाच्याने सांगितलेली व्यवस्था ऐकून मी त्याला रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारत राहिलो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तिथे दुखणं कंबरेपेक्षा कोपराचं. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून बदलला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे ती लहान वयातल्या मुलांवरही करावी लागू लागली, तेव्हा तिकडचे लोक जागे झाले. २००७ पासून लिटल लीगमध्ये चेंडूंची मर्यादा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू फेकायचे, तेरा ते सोळा वर्षांच्याने ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा त्याहून जास्त फेकले, तर पुढचे चार दिवस त्याला सामन्यात फेकायला देत नाहीत. मैदानाबाहेर एक माणूस फक्त हे मोजायला बसलेला असतो. भाच्याने स्वतः ते काम केलंय. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचाही असाच नियम अनेक वर्षं होता: चौदा आणि पंधरा वर्षांखालच्या गटांतल्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये सहा आणि दिवसभरात बारा षटकं, त्याहून एकही जास्त नाही.

यावर आमच्या पारावर हटकून मोहम्मद सिराजचं नाव निघतं. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह तीनच कसोट्या खेळला, सिराज पाचही. त्याने १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलला शेवटच्या सकाळी सहा धावांनी सामना काढून दिला. त्यानंतर सुनील गावसकरांनी गोलंदाजांचा वर्कलोड सांभाळण्याच्या सगळ्या बोलण्यावर कडक टीका केली. गावसकरांबद्दल मला अपार आदर आहे, आणि देशासाठी दुखणं गिळून खेळण्याची त्यांची शिकवणही मला पटते. पण सिराज त्या वेळी एकतीस वर्षांचा होता. त्याचं हाड पक्कं झालेलं, मागे दहा वर्षांची गोलंदाजी. त्याचं उदाहरण नववीतल्या मुलाला लावणं घातक आहे. पोरांना सिराजचं मन जरूर शिकवा. त्याची षटकं मात्र त्यांच्याकडून मागू नका.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे नाशिक जिल्ह्याला आज जसे दिवस आलेत तसे मी पूर्वी पाहिले नाहीत. रामकृष्ण घोष हा आपला वेगवान अष्टपैलू. चेन्नईने त्याला ३० लाखांना घेतलं, २०२५ मध्ये एकही सामना दिला नाही, तरी २०२६ साठी राखून ठेवलं. त्याने रणजीत लांब स्पेल टाकावेत अशी माझी इच्छा आहे. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून अष्टपैलू तयार होत नाही. साहिल पारख हा डावखुरा सलामीवीर, सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध ७५ चेंडूंत नाबाद १०९. डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्लीने त्याला घेतलं. त्याच्या फटक्यांना धाक आहे, पण चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये दिवसभर उभं राहायची सवय त्याला आत्ताच लागली पाहिजे. सत्यजित बच्छावने वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी डावखुरी फिरकी टाकली, त्याचं नाव बातमीत क्वचित येतं, आणि माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक फिरकी गोलंदाजाने आधी त्याला पाहावं. सिन्नरची माया सोनवणे २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटीकडून लेगस्पिन टाकायला आली, तेव्हा तिची शैली पाहून सगळ्यांना दक्षिण आफ्रिकेचा पॉल अ‍ॅडम्स आठवला. मान आणि पाठ अशी वळवून टाकणाऱ्या मुलीच्या शरीराची काळजी तर डोळ्यांत तेल घालून घ्यायला हवी.

जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. रणजीचा असा सामना आपल्या जिल्ह्यात होतो, तेव्हा निफाडच्या पोरांना तो बघायला न्या. दिवसभराच्या खेळात वेगवान गोलंदाज किती षटकं टाकतो, मध्ये किती थांबतो, सीमारेषेवर उभा राहून काय करतो, ते त्यांना दाखवा. दूरदर्शनवर ते दिसत नाही.

आणि तालुक्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या नियमपत्रिकेत एक ओळ घाला: सोळा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला दिवसात एकाच सामन्यात गोलंदाजी. पालकांनी घरात एक वही ठेवावी, शाळा, नेट आणि गाव मिळून पोराने रोज किती चेंडू टाकले ते लिहावं, आणि रविवारी बेरीज करून ती कोचना दाखवावी. आठवड्यातले दोन दिवस चेंडू हातात नको. कंबरेच्या एकाच बाजूला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखलं, तर मालिश आणि इंजेक्शन दोन्ही टाळा, गोलंदाजी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. वहीची किंमत वीस रुपये आहे.