‘नाइस’ आहे, पण करतो काय?

बुधवारी दुपारी साडेचारला मोबाइल वाजला. माझी एक मैत्रीण हिंजवडीत टीम लीड आहे. ऑफिसच्या वेळेत तिचा फोन आला, की समजायचं एक तर ब्रेकअप, नाही तर इंग्लिश!

‘‘अगं, ‘नाइस’ला पटकन दुसरा शब्द सांग ना. फॉर्म सहाला लॉक होतोय.’’

फॉर्म अप्रेझलचा. तिच्या टीममधल्या एका मुलाचं प्रमोशन पॅनलपुढे जाणार होतं आणि तिनं त्याच्याबद्दल पाच ओळी लिहायच्या होत्या. लिहिलं काय, तर नाइस पर्सन, नाइस अ‍ॅटिट्यूड, व्हेरी नाइस टु वर्क विथ. गेल्या वर्षीही साधारण हेच लिहिलं होतं. तेव्हा पॅनलमधल्या कुणीतरी विचारलं होतं, ‘‘नाइस आहे हे कळलं, पण करतो काय?’’ बाईसाहेबांना ऐन वेळी काही सुचलं नाही. मुलगा होता तिथेच राहिला. त्याची टोचणी हिला वर्षभर होती.

म्हणून यंदा तिनं डोकं लढवलं होतं. वर्डमध्ये ‘नाइस’ सिलेक्ट करून शिफ्ट आणि एफ सेव्हन दाबलं, समानार्थी शब्द हजर! त्यातला ‘अ‍ॅग्रिएबल’ तिला एकदम वजनदार वाटला.

मी जवळजवळ ओरडलेच. ‘अ‍ॅग्रिएबल’ संध्याकाळ असते, हवा असते. माणसाला लावला, की त्यात ‘लगेच हो म्हणणारा’ अशी छटा डोकावते. प्रमोशनच्या फॉर्मवर होयबा? बोंबला! थिसॉरसमध्ये हाच लोचा आहे. पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टरनं १८५२ मध्ये आपला थिसॉरस छापला, तो शब्दांना अर्थाच्या घराण्यांत बसवून. पण एका घरातली माणसं एकमेकांच्या जागी चालतात थोडीच? काकांच्या जागी मामांना उभं करून बघा एकदा.

खरं तर या ‘नाइस’चा भूतकाळही काही फार नाइस नाही. मूळ लॅटिन ‘नेस्किअस’, म्हणजे अजाण. फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये आला तेव्हा अर्थ होता मूर्ख! पुढे चोखंदळ, मग नेमका, बारीक, आणि अठराव्या शतकात कुठे आपला ‘छान’. मधला अर्थ अजून जिवंत आहे बरं का. लीगलवाल्यांनी मेलमध्ये ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ लिहिलं, तर ते तुमचं कौतुक नसून सूक्ष्म फरक दाखवणं असतं. थँक यू म्हणू नका! आणि हा शब्द सगळीकडे ओतायची खोडही आजची नाही. १८१७ च्या अखेरीस, जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त नायिका एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची यथेच्छ फिरकी घेतो.

‘नाइस टु मीट यू’ला मात्र हात लावू नका. तिथे ‘प्लेझंट’ वगैरे घातलंत, तर समोरचा दचकेल. चहा ‘नाइस अँड हॉट’ असेल, तर तो हवा तसा वाफाळता आहे, एवढंच.

पंचाईत होते ती माणसांची. ‘पोलाइट’ माणूस प्लीज, सॉरी म्हणतो, पण म्हणून मदत करेलच असं नाही. ‘फ्रेंडली’ सगळ्यांशी गप्पा मारतो. ‘कन्सिडरेट’ माणसाला समोरच्याची अडचण आधीच दिसते, आणि ‘काइंड’ स्वतः थोडी झळ सोसतो. आपण चौघांनाही ‘नाइस’ म्हणून मोकळे! मराठीत तरी कुठे वेगळं? आजीला पोळी लुसलुशीत, चकली खुसखुशीत, चहा फक्कड आणि शेजारची सून लाघवी वाटायची. आपल्याला चकलीपासून सुनेपर्यंत सगळं ‘मस्त’!

तर मैत्रिणीला म्हटलं, शब्द राहू दे. तो करतो काय?

‘‘अगं, नाइट शिफ्ट संपताना असा हँडओव्हर लिहून ठेवतो, की सकाळी कुणाला त्याची झोपमोड करावी लागत नाही. नवीन पोरांना तेच चौथ्यांदा सांगतो, पण आवाज चढत नाही. आणि...’’ इथे ती जरा थांबली. ‘‘एकदा माझं एस्टिमेट चुकलं होतं. क्लायंट कॉलच्या आधी मला बाजूला घेऊन सांगितलं त्यानं. मी चिडले, तरी हटला नाही.’’

आणि या माणसाला ती ‘अ‍ॅग्रिएबल’ लिहिणार होती!

हँडओव्हरला ‘थरो’, चौथ्यांदा समजावण्याला ‘पेशंट’. एस्टिमेटच्या किश्श्यासाठी ‘ऑनेस्ट’ की ‘टॅक्टफुल’, यावर आम्ही चक्क दहा मिनिटं भांडलो. शेवटी तिनं तो किस्साच जसाच्या तसा लिहिला. स्वतःची चूक, तीही पॅनलपुढे. हिंमत आहे पोरीत.

फोन ठेवल्यावर मी ड्रॉवरमधून एक ग्रीटिंग कार्ड शोधून काढलं. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हा ऑफिसनं दिलेलं. त्यावर अकरा सह्या आहेत आणि सात ठिकाणी ‘सो नाइस’. यातलं कुणी कुणाचं लिहिलंय, हे आज मला सांगता येणार नाही. कोपऱ्यात मात्र पँट्रीतल्या मामांचं मराठीतलं वाक्य आहे : ताई, तुम्ही कप स्वतः विसळून ठेवायच्या.

मैत्रिणीचा फॉर्म पावणेसहाला गेला. पॅनल शुक्रवारी होतं. हा मजकूर देईपर्यंत तरी तिचा फोन आलेला नाही.