वरातीमागून आवळा

कोथरुडात सकाळी बागेच्या फाटकाबाहेर रसवाला उभा असतो. कडुलिंब, कारलं, गव्हांकुर आणि आवळा. पेला रिकामा करता करता कुणीतरी हमखास सांगतं, "अँटिऑक्सिडंट पोटात गेले की ऊन बाधत नाही. ती सनस्क्रीनं म्हणजे कंपन्यांचे धंदे!"

या पूर्वपक्षात सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो टिकून आहे. अतिनील-अ किरण त्वचेत खोल शिरतात, तिथे ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात आणि कोलॅजन तोडणारी विकरं कामाला लागतात. अकाली सुरकुत्या पडतात त्या यातून. 'क' जीवनसत्त्व किंवा टोमॅटोतलं लायकोपिन ही रूपं निकामी करू शकतं. जर्मनीतल्या २००१ सालच्या एका छोट्या प्रयोगात दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर खाणाऱ्यांची कातडी कृत्रिम उन्हात सुमारे ४० टक्के कमी लाल झाली. पण चांगल्या सनस्क्रीनपुढे हा आकडा अगदीच किरकोळ.

शिवाय अतिनील-ब किरणांना डीएनए बिघडवायला ऑक्सिजनची मध्यस्थी लागतच नाही. डीएनए प्रकाश थेट शोषतो आणि त्याचे शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. हे इतक्या झटपट होतं की तिथे आवळा म्हणजे वरातीमागून घोडं. प्रकाश बाहेरच अडवला तरच उपयोग.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेहून अधिक लोकांवर दोन्ही उपाय एकदमच तपासले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, त्वचेचं म्हातारपणही लांबलं. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी दोन्हींत काही साधलं नाही. "ते गोऱ्यांचं झालं," असं कुणी म्हणेल. मान्य, आपल्या मेलॅनिनमुळे हा कर्करोग आपल्याकडे कमी. पण वांग आणि काळे डाग आपल्याच कातडीवर जास्त उठतात, आणि त्यांतही उन्हाचा मोठा हात असतो.

'वनस्पती म्हणजे निर्धोक' हा तर भ्रमच. बावची कोडावर वापरतात ती कातडी उन्हाला जास्त संवेदनशील होते म्हणून. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

मग करायचं काय? दुचाकीवर डोळे सोडून बाकी सगळं गुंडाळणाऱ्या मुलींची 'दरोडेखोर' म्हणून थट्टा झाली, पण शास्त्राच्या बाजूने त्याच आहेत. फक्त स्कार्फ घट्ट विणीचा, गडद रंगाचा हवा; विरळ पांढऱ्या सुती कापडातून पुष्कळ किरण आत येतात. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैअखेर भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. जुलैत ढग असले म्हणून गाफील राहू नये, अतिनील किरण ढगांतूनही बऱ्यापैकी येतात. सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं घ्यावं. आपण त्याच्या निम्मंही घेत नाही, आणि मग 'गुण नाही' म्हणून ट्यूबला नावं ठेवतो.

आवळा खावा, मीठ लावून खावा, त्याच्या चवीसाठी आणि 'क' जीवनसत्त्वासाठी. कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत एसी लावून बसलेल्यांनीही एक लक्षात ठेवावं: गाडीची पुढची काच बहुतेक अतिनील-अ अडवते, पण बाजूच्या साध्या काचेतून ते खिडकीकडच्या गालावर खुशाल येत राहतात.