काउंटरवर आलेला पेन ड्राइव्ह आपोआप उघडू द्यायचा का?

झेरॉक्स-प्रिंटचं दुकान टाकताना बरेच जण जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकतात. लायसन्सचा खर्च वाचतो, छान. पण ट्रेनिंगला एक प्रश्न हमखास येतो: गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्ह दिला की तो आपोआप माउंट होतो, हे ठेवायचं की बंद करायचं?

माझं स्पष्ट मत आहे. काउंटरच्या पीसीवर चालू, बिलिंगच्या पीसीवर बंद.

आधी आत काय होतं ते बघा. ड्राइव्ह लावला की कर्नलला कळतं, यूडेव्ह नवीन डिव्हाइस आल्याची वर्दी देतो आणि डेस्कटॉप यूडिस्क्सला सांगून तो माउंट करून घेतो, म्हणजे त्यातल्या फाइल्स तुमच्या फोल्डर्सना जोडतो. फक्त जोडतो. आतला प्रोग्राम चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि लोक इथेच गोंधळतात. 2008 च्या शेवटी विंडोजवर आलेला कॉन्फिकर पेन ड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही पसरला होता. शेवटी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेट देऊन बंद केलं.

मग बिलिंगवर नुसतं माउंटही का नको? कारण अनोळखी ड्राइव्हवर काय लिहिलंय ते वाचायचं काम थेट कर्नल करतो, आणि त्या पीसीत तुमची जीएसटीची बिलं आणि उधारीचा हिशोब आहे. काउंटरच्या पीसीचं काही झालं तर दुपारपर्यंत पुन्हा मिंट टाकाल. उधारी कुठून आणाल?

सेटिंग सोपं आहे. नेमो फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये बिहेवियर, तिथे मीडिया हँडलिंग. ऑटोमॅटिक माउंटची टिक काढा. ड्राइव्ह तरीही डावीकडच्या यादीत दिसतो, पण क्लिक केल्याशिवाय माउंट होत नाही. ऑटोरनची टिक मात्र दोन्ही पीसीवर काढा.

आणि काढताना इजेक्ट! कॉपीची पट्टी भरली तरी थोडा डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. गर्दीत पोरगा ड्राइव्ह खेचून देतो, विद्यार्थी घरी जातो आणि स्कॅन केलेला प्रोजेक्ट उघडतच नाही. तो तुमच्याशी भांडायला येणार नाही. समोरच्या दुकानात जाईल. म्हणून नवीन पोराला झेरॉक्स मशीन दाखवायच्या आधी इजेक्टचं बटण दाखवा.