जादू कुणाच्या हाती?

'असली कल्पना आजवर कुणाला सुचलीच नव्हती!' अशी एखाद्या चित्रपटाची वाहवा कानावर आली की मी एकच प्रश्न विचारते : कथेतली जादू कुणाच्या हाती दिली आहे, आणि ती चालवली जाते कुणावर?

'ग्राउंडहॉग डे' (१९९३) घ्या. फिलच्या आयुष्यात २ फेब्रुवारी हा एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो. इतरांना आदल्या फेरीतले काही आठवत नाही. सहकारी रीटाने फ्रेंच काव्याचा अभ्यास केला, हे ऐकून तो आधी खो खो हसतो आणि पुढच्या फेरीत तिला फ्रेंच ओळी म्हणून दाखवतो. 'अबाउट टाइम' (२०१३) मध्ये तर काळात मागे जाण्याची विद्या घराण्यातल्या फक्त पुरुषांना मिळते! नायक मेरीबरोबरची पहिली रात्र मनासारखी होईपर्यंत पुन्हा घडवून आणतो. मेरीच्या लेखी ती एकदाच घडलेली असते. तो तिला कधीच खरे सांगत नाही.

"अहो, गंमत आहे ती! आणि फिल शेवटी सुधारतोच ना?" सुधारतो, मान्य. पण जिच्यापासून मुख्य गोष्टच दडवली, तिच्या होकाराला संमती म्हणायचे का? १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा फसवून मिळवलेली संमती हे विवाह रद्द करून मागण्याचे कारण मानतो. पहिले लग्न लपवले, आजार लपवला, अशा तक्रारी घेऊन बायका आम्हा कार्यकर्त्यांकडे येतात. तिथे जिला आपण फसवणूक म्हणतो, तिला पडद्यावर प्रणय का म्हणावे?

अद्भुत कल्पनांशी माझे वैर नाही. झोई कझान या लेखिकेचा 'रूबी स्पार्क्स' (२०१२) पाहा. कादंबरीकार टाइपरायटरवर जे लिहील तसे त्याच्या प्रेयसीला वागावे लागते. ती दूर जाऊ लागताच तो तिला शब्दांनी जखडतो, शेवटी कळसूत्री बाहुलीसारखी नाचवतो. ते पाहताना हसू येत नाही, अंगावर काटा येतो. कल्पना तितकीच अचाट; पण इथे जादूच्या आड दडलेली पुरुषी सत्ता उघडी पाडली आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, नावीन्याला टाळ्या जरूर द्या. पण त्याआधी विचारा : खरे काय ते या कथेतल्या बाईला ठाऊक आहे का? आणि ठाऊक झाल्यावर 'नाही' म्हणायची सोय तिला ठेवली आहे का?