अर्धवट माल गाठीत बांधू नका

ईदच्या मालाचा वायदा जवळ आला की प्रत्येक कापड व्यापाऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. ऑर्डर दहा गाठींची, तयार आठ, आणि दोन गाठींचे ताके अजून तपासायचे आहेत. कोणी न तपासलेले ताके मध्ये दडपून गाठ बांधतो. कोणी सगळी ऑर्डर अडवून धरतो. एखादाच पार्टीला आधी कळवून आठ गाठी वेळेवर रवाना करतो.

हाच प्रश्न सॉफ्टवेअरच्या धंद्यातही आहे. आपल्या कित्येकांची मुले आज त्या धंद्यात आहेत आणि आपली बिलेही त्यावरच निघतात, म्हणून हा विषय येथे घेत आहे.

ज्याचा सोर्स कोड सर्वांना पाहता व बदलता येतो, त्याला ओपन सोर्स म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स हे त्याचे मोठे उदाहरण. त्यावर जगभरातले हजारो लोक काम करतात, कोणी पगारी, कोणी बिनपगारी. एका शेठचा हुकूम चालत नाही, तरी शिस्त कडक आहे. एक आवृत्ती निघाली की नवे काम घेण्याचा दरवाजा दोन आठवडे उघडा असतो. मग तो बंद होतो. पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्ती चालते आणि दर आठवड्याला चाचणीची प्रत निघते. ज्याचे काम अपुरे राहिले, त्याने पुढच्या खेपेला यावे. आत घेतलेले काम बिघाड करू लागले आणि वेळेत सुधारले नाही, तर तेही बाहेर काढले जाते. यात कोणाची बेअब्रू नाही, कारण पुढची खेप नऊ-दहा आठवड्यांवरच असते.

खेप लांब असली की मात्र प्रत्येकजण आपले अर्धे काम आत घुसवायला पाहतो. डेबियन या लिनक्सच्या संचाची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि पुढची थेट जून २००५ मध्ये. तारीख कधी पुढे ढकलूच नये, असेही माझे म्हणणे नाही. उबुंटूची एप्रिल २००६ ची आवृत्ती पक्की करण्यासाठी जूनपर्यंत लांबवली, पण तसे आधी जाहीर केले. वायदा बदलणे वेगळे आणि वायदा मोडणे वेगळे.

आता आपला दोष सांगतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. बिलाचा प्रोग्राम त्याच तारखेला हवा म्हणून मी करणाऱ्या मुलाच्या मागे लागलो. परराज्यातल्या बिलांचे काम अपुरे होते. त्याने ते सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी व एसजीएसटी लागून बिले गेली, आणि ती सुधारण्यात हंगाम गेला. तेवढा भाग बंद ठेवून ती थोडी बिले हाताने लिहिली असती, तर काहीच बिघडले नसते. चूक त्याची होती, तेवढीच घाई करणाऱ्या माझीही होती.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या आपल्या नबी (स.) यांचा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओले धान्य वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, ही त्यांची शिकवण. डेबियनमध्ये प्रत्येक सापडलेला दोष उघड्या यादीत लिहिलेला असतो, कोणीही पाहावा. त्या लोकांना आपली शिकवण माहीत असो वा नसो, अमल ते करतात. आपल्याला माहीत आहे, पण अमल?

तेव्हा बंधूंनो, सॉफ्टवेअर करून घ्या किंवा साड्या विणून घ्या, तीन गोष्टी पाळा. काम लहान लहान खेपांत मागा. वायद्याच्या काही दिवस आधी नवी मागणी बंद करा. आणि जे अपुरे आहे ते गाठीबाहेर ठेवून समोरच्याला आधी कळवा. आठ गाठी घेणारी पार्टी पुन्हा येते. दहा गाठींत दोन खराब निघाल्या, तर ती फिरून येत नाही.