आधी मिनार, मग सातबारा

घर घेण्याचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत पहिला प्रश्न एकच असतो, "अपने लोगां में है ना?" मशीद किती लांब, हा दुसरा. तिसऱ्या प्रश्नाची पाळी येईपर्यंत बयाणा देऊन झालेला असतो. प्लॉट अकृषक आहे काय, ले-आऊट मंजूर आहे काय, नालीचे पाणी कुठे जाते, मुलगी आठवीनंतर कोणत्या शाळेत जाईल, हे कोणी विचारलेच तर तो "जास्त पढा-लिखा" ठरतो. हे विशेषण आपल्याकडे अशा वेळी कौतुकाने वापरले जात नाही, हे सांगायला नकोच.

आम्ही दोघे उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड. केले, शिक्षणसेवकाची वर्षे मानधनावर काढली, कायम झालो आणि घर शोधायला निघालो. नोकरी अकोल्यात, आईवडील अमरावतीत, म्हणून दोन्ही शहरे पालथी घातली. या शोधात जे दिसले ते लिहिणे आम्हाला भाग आहे, कारण ते दोन्ही बाजूंना कडू लागणार आहे.

आधी पहिली बाजू. दलाल फोनवर म्हणायचा, "या सर, चावी माझ्यापाशीच आहे." नाव सांगितले की चावी मालकाकडे जायची आणि मालक बाहेरगावी. एका घरमालकाने मात्र तोंडावर सांगितले, "माझं काही नाही हो सर. पण उद्या बिल्डिंगवाले मले बोलतीन." बिल्डिंगवाल्यांना विचारले असते तर त्यांनीही हेच म्हटले असते, आमचे काही नाही! कोणाचेच काही नसते, तरी घर मिळत नाही. शिवी देणाऱ्याशी भांडता येते. या "माझं काही नाही"शी भांडायचे कसे?

आम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो. संविधानाच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. १५ वे कलम धर्मावरून भेद करू नये असे सांगते. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांची नावे आहेत. भाड्याच्या घराचे नाही. आणि २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, एखाद्या सहकारी सोसायटीला आपले सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तर स्पष्टच नोंदवले, की मुसलमानांना पसंतीच्या वस्तीत घर विकत वा भाड्याने मिळणे कठीण होत चालले आहे. तेव्हा ही आमच्या मनाची कल्पना नाही. जे मित्र आम्हाला "तुम्ही लोक एकत्रच का राहता?" असे विचारतात, त्यांनी एकदा आमचे नाव सांगून फोन करून पाहावा.

पण एवढ्यावर लेख संपवला तर तो अर्धाच खरा होईल. टाळ्या मिळतील, घर मिळणार नाही.

दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. शहराच्या कडेला एखादे शेत घ्यायचे, म्हणजे शेतकऱ्याला थोडे पैसे देऊन नुसता करार करायचा. चुन्याच्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायचे. कोपऱ्यातली एक जागा मशिदीसाठी सोडायची, आणि मग आपल्याच लोकांना सांगायचे, "अपनी बस्ती बस रही है." नकाशात मशीद असते; मैदान नसते, शाळा नसते, नाली नसते. आम्हाला अशाच एका ठिकाणी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही करायला सांगण्यात आले. सातबारा मागितला. तो मूळ शेतकऱ्याच्या नावावर निघाला, आणि जमीन शेतीचीच! विक्रेता शांतपणे म्हणाला, "सर, अपनों पे भरोसा नहीं क्या?"

त्याचे हप्ते बिनव्याजी होते. नगदी भाव वेगळा, हप्त्याचा वेगळा, आणि हप्त्याचा बराच जास्त. उधारीचा भाव जास्त ठेवायला शरीअतची मनाई नाही, असे त्याने आम्हाला समजावले. असेल. ज्यांना बँकेचे व्याज नको त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. आमच्याही घरात त्यावरून रात्री जागून काढल्या आहेत. पण जे आपल्या मालकीचे नाही ते विकू नये, हाही शरीअतचाच नियम आहे. तो त्याला कोणी का समजावत नाही? व्याजावर बयान होते, बेकायदा ले-आऊटवर का होत नाही?

या कच्च्या कागदाची किंमत पुढे पिढी भरते. बांधकामाची परवानगी नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही. सच्चर अहवालातच आहे, की काही बँका ठरावीक वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र मानतात. मग वर्षानुवर्षे नियमितीकरणाची वाट पाहायची. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना त्याचा लाभ खुला झाला. मधली वीस वर्षे माणसे चिखलातून शाळेत गेली. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले, गिनीज बुकात नोंद झाली. आम्हालाही अभिमान वाटला. पण मंजूर ले-आऊट नसलेल्या बोळात नगरसेवक हात झटकून सांगतो, "कागदावर रस्ताच नाही." आणि त्याचे म्हणणे खोटे नसते, हीच तर आपली अडचण आहे.

यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: जान है तो जहान है. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात जे घडले, त्यानंतर आमच्या घरीही अब्बांनी चर्चा मिटवली, "आपल्या लोकांतच पाहा." त्या भीतीला आम्ही हसत नाही. दगड पडताना कायद्याचे पुस्तक डोक्यावर धरता येत नाही. परंतु दंगल वर्षानुवर्षांतून एखाद्या रात्री होते. बाळंतीण रोज अडते, आग कधीही लागते. ज्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, अग्निशमन दलाचा बंब वळत नाही, ती वस्ती सुरक्षित कशी? संख्येने धीर येतो, हे खरे. रस्ता, दिवा आणि पक्का कागद मात्र संख्येने मिळत नाही.

आता आमच्यावरचा आरोप आम्हीच मांडतो. आमची नोकरी मोहल्ल्याच्या पटसंख्येवर उभी आहे. लोक विखुरले तर उर्दू शाळेचा पट घसरेल, संचमान्यतेत पदे कमी होतील, कदाचित आम्हीच अतिरिक्त ठरू. म्हणजे सर्वांनी एकाच ठिकाणी दाटीने राहावे, यात आमचा पगार आहे! तरी आम्ही म्हणतो, उर्दू जगवायची तर शाळा चांगली करून जगवावी. आईबापांना दुसरीकडे घर मिळत नाही म्हणून आलेली मुले मोजून नव्हे.

आम्ही शेवटी अकोल्यात मंजूर ले-आऊटमधले दोन खोल्यांचे जुने घर घेतले. शेजारी बौद्ध कुटुंब, समोर निवृत्त पोस्टमन, गल्लीत आपली तीन घरे. मशीद पायी वीस मिनिटे. घर बाईच्या नावावर केले. २०२१ पासून महिलांना अशा खरेदीत मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण ते कारण दुसरे. पहिले कारण असे, की आपल्याकडे बाईचे घर बहुधा माहेर नाहीतर सासर असते, तिचे स्वतःचे क्वचितच. शाळा लांब पडली, पेट्रोल वाढले, एका नातेवाइकाने वर्षभर येणे टाळले. हे सर्व हिशेबात धरूनच सांगतो आहोत.

कोणी मोहल्ला सोडावा असे आमचे म्हणणे नाही. बैदपुरा असो की चांदनी चौक, तिथली माणुसकी आम्हाला परकी नाही. म्हणणे इतकेच: जिथे घ्याल तिथे आधी सातबारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा पाहा. २०१७ पासून महारेराची नोंदणी तपासता येते, प्लॉटच्या मोठ्या प्रकल्पांचीसुद्धा. पावसाळ्यात एकदा जाऊन नाला पाहा. मुलीची शाळा पायी मोजा. मशिदीच्या कमिट्यांनी जागा स्वीकारण्यापूर्वी विक्रेत्याकडे मालकीचा कागद मागावा. नसेल तर ती देणगी नाकारावी. एवढे एका शहरात झाले तरी निम्मे चुन्याचे ले-आऊट बंद पडतील.

आणि नाव ऐकून चावी लपवणाऱ्यांशी भांडण सुरूच राहील. ते आपण सोडायचे नाही. मात्र ते भांडण लढताना आपल्या हातात शंभराचा स्टॅम्पपेपर नसावा, नोंदणीकृत खरेदीखत असावे.